दरड काय कोकणातच पडते का, बाई?

मागच्या अंकात बालाघाटाच्या पायथ्याला चाललेल्या मुरूम-उपशाबद्दल मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवला. वर्गातली निम्मी पोरं डोंगराखालच्या वाड्या-तांड्यांवरून यायची, आणि पत्रं वाचताना वाटतं, तीच आता बाप होऊन विचारताहेत. सगळ्यांना या अंकात उत्तर देणं जमणार नाही. चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्यातलं काम पावसाळ्याच्या आत उरकायला हवं.

प्रश्न : बाई, सा. न. आमची वस्ती पाटोदा तालुक्यात डोंगराला लागून आहे. घरामागचा उतार शेजाऱ्याचा. त्यानं दोन उन्हाळे पोकलेन लावून मुरूम नेला. आता घरापासून पंधरा पावलांवर वीस फुटांची उभी भिंत झाली आहे. मधल्या मोकळ्या जागेत मुलगा शेळ्यांसाठी पत्र्याचं शेड टाकायचं म्हणतोय. शेजारीही जागा द्यायला तयार आहे. दरडी पडतात त्या कोकणात, आपल्याकडं पाऊसच किती? मी उगाच घाबरतोय का?

उत्तर : दादा, तुम्ही उगाच घाबरत नाही. शेड टाकू नका, निदान त्या जागेत तरी नको.

दरड म्हटलं की आपल्याला माळीण आठवतं. 30 जुलै 2014 ची ती सकाळ, 151 माणसं गेली. मग 2021 च्या जुलैत महाडजवळचं तळीये, 2023 च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी. ही सगळी गावं सह्याद्रीतली, धो-धो पावसातली, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण 2021 च्या ऑगस्टअखेरीस कन्नडच्या औट्रम घाटात एका रात्रीच्या पावसानं दरडी आल्या आणि वाहतूक बंद पडली. तो घाट आपल्याच मराठवाड्याच्या उंबऱ्यावर आहे.

मराठवाड्याचा वर्षाचा पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास. ही सरासरी पेरणीच्या हिशोबाला बरी. उताराला वर्षाचा हिशोब कळत नाही, एका रात्रीत किती मुरलं तेवढंच कळतं. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर झाला की आपण अतिवृष्टी म्हणतो. तेवढा पाऊस तुमच्या घरामागच्या एक एकर उतारावर पडला तर किती पाणी होतं? दोन लाख साठ हजार लिटरच्या वर. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या दहा हजारी टँकरच्या भाषेत सांगायचं तर सव्वीस टँकर, एका दिवसात, एका एकरावर. त्यातलं काही वाहून जातं, काही आत शिरतं. शिवाय आपल्याकडचा मोठा पाऊस पुष्कळदा उशिरा येतो, उत्तरा-हस्ताचा. तोवर जमीन आधीच भिजून जड झालेली असते. म्हणून आषाढ कोरडा गेला तरी भिंतीवरची नजर काढू नका.

आता भिंतीकडं नीट बघा. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेले आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. कुठं घट्ट काळा कातळ, कुठं बुडबुड्यांची भोकं असलेला खडक, वर त्याच खडकाचा कुजून झालेला मुरूम. आणि दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं वीत-हातभर जाडीचा तांबडा पट्टा. विहीर खोदणारे त्याला गेरू म्हणतात. वरच्या थरातल्या फटींतून उतरलेलं पाणी या गेरूवर येऊन अडतं आणि आडवं चालायला लागतं. ओला गेरू साबणासारखा होतो. वरचा सगळा बोजा त्या साबणावर बसलेला असतो, आणि त्याला धरून ठेवणारा जो खालचा भाग, तोच पोकलेननं काढून नेलेला असतो. डोंगराचा पायथा हा त्याचा टेकू असतो. वरून चार झाडं गेली तर उतार सावरतो, पायथा गेला की नाही सावरत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या माहेरी थोरल्या भावानं गोठ्यासाठी घरामागचा उतार कापला होता. टिकाव-पहारीनं, दहा-अकरा फूट, सरळ उभा. दोन पावसाळे काही झालं नाही. मुरमावर पहारीचे वळ जसेच्या तसे दिसायचे आणि दादा ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचा. तिसऱ्या वर्षी घटस्थापनेला मी माहेरी गेले होते. चार दिवस झड लागलेली. आई गोठ्यातून बाहेर आली ती पदर बघतच. पदराला तांबूस डाग पडले होते. भिंतीतून, कमरेएवढ्या उंचीवरून, पाणी पाझरत होतं, विटकरी रंगाचं. पाऊस त्या घटकेला थांबलेला होता, पाझर चालूच. मी वर चढून पाहिलं. काठापासून चार हातांवर, सीताफळाच्या बुडाशी, जमिनीला भेग गेली होती. बोटभर रुंद. कडब्याच्या गंजीतलं ज्वारीचं ताट, म्हणजे वाळलेलं धाट, घेऊन आत सोडलं, तर ते निम्म्याहून जास्त आत गेलं आणि टेकलंच नाही. दादाला हाक मारली. त्यानं ते ताट हातानं हलवून पाहिलं, काही बोलला नाही, खाली जाऊन दावी सोडायला लागला. संध्याकाळपर्यंत जनावरं चुलत्याच्या वस्तीवर नेली. रात्री कधीतरी भिंत बसली. मोठा आवाज झालाच नाही, कुणाला जागसुद्धा आली नाही. सकाळी कडब्याची गंज अंगणाच्या मध्यापर्यंत ढकलली गेलेली आणि बैलगाडी मुरमाखाली. गाडीचं एक चाक अजून तिथंच आहे, ते काढायचं कुणी मनावर घेतलं नाही.

ती भिंत दहा-अकरा फुटांची होती. तुमची वीस फुटांची आहे. वीस फूट उंच, तीस फूट लांब आणि वर सहा फूट जाडीचा त्रिकोणी तुकडा सुटला तर अठराशे घनफूट, म्हणजे अठरा ब्रास होतो. ओला मुरूम ब्रासला पाच टनांच्या आसपास भरतो. म्हणजे नव्वद टन. पत्र्याच्या शेडचं त्यापुढं काय होणार?

काय करायचं ते सांगते. आधी काठावर जाऊन भेग शोधा. काठाच्या अगदी जवळ उभे राहू नका, बाजूनं जा. भेग दिसली तर दोन्ही अंगांना एकेक लोखंडी खुंटी ठोका आणि दोन खुंट्यांमधलं अंतर टेपनं मोजून तारखेसह वहीत लिहा. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी मोजायचं. अंतर वाढलं, भिंतीत नव्या जागी पाझर फुटला, पाणी गढूळ यायला लागलं, काठावरचं झाड किंवा विजेचा खांब कलला, तर घरात झोपायचं नाही. पाऊस थांबला म्हणून परत यायचं नाही. पाणी आत उतरायला वेळ लागतो, आणि उतार पुष्कळदा उघाडीत सुटतो. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक 1077 आहे, तो घरातल्या पोरासोरांना पाठ करून द्या.

दुसरं काम पाण्याचं, आणि इथं माझं म्हणणं अनेकांना उलटं वाटेल. आपण मराठवाड्याची माणसं, पाणी अडवा-पाणी जिरवा हे आपल्या रक्तात गेलंय. समतल चर दिसला की बरं वाटतं. पण कापलेल्या भिंतीच्या डोक्यावर पाणी जिरवायचा चर घेऊ नका. तो भिंतीच्या पाठीत पाणी भरेल. तिथं चर हवा तो पाणी बाजूला नेणारा. काठापासून दहा-पंधरा फूट मागं, एका अंगाला हलका उतार दिलेला, तळ दगड-सिमेंटनं बंद केलेला, आणि शेवट जुन्या ओघळीत. जिरवायचे चर त्याहून पुष्कळ वर, शाबूत डोंगरावर घ्या. जालन्याजवळच्या कडवंचीत विजयअण्णा बोराडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथ्याकडून पायथ्याकडं काम करत नेलं, आणि आज त्या गावच्या द्राक्षबागा बघायला माणसं जातात. ज्या उतारावर असं काम होतं, त्याचा पायथा आधी शाबूत असावा लागतो.

तिसरं काम शेजाऱ्याचं आहे आणि ते त्यालाच करायला लावा. मुरमाची भिंत उभी राहत नाही. तिला जितकी उंची तितकंच मागं झुकवावं लागतं, तेही मध्ये टप्पे सोडून. वीस फूट उंचीला वरची वीस फूट जमीन मागं जाईल. त्याला ते परवडत नसेल तर पायथ्याशी जाळीत भरलेल्या दगडांची जाड भिंत घालावी, तिच्यातून पाणी निघून जातं. सिमेंटची भिंत घालायची तर पाणी निघायला भोकं ठेवावीत आणि मागं खडी भरावी. नुसती नऊ इंची विटांची भिंत म्हणजे पैशाचा चुराडा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी राहिलेल्या पायथ्यातला एक टोपलाभर मुरूमसुद्धा आता काढू देऊ नका. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात भूवैज्ञानिक असतात. तहसीलदारांमार्फत लेखी अर्ज करून त्यांची पाहणी मागा.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरजवळ डोंगरउतारावर दोन-दोन गुंठ्यांचे फार्महाऊस प्लॉट विकायला आहेत. बॉण्डवर लिहून देतात, एन. ए. नंतर होईल म्हणतात. समोर तळं दिसतं, जागा मन ओढून घेते. निवृत्तीचे पैसे घालू का?

उत्तर : भाऊ, आधी नळी आणि टेप घेऊन जागेवर जा. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी चालेल. उताराच्या वरच्या अंगाला जमिनीवर दोरीचं एक टोक धरा. दुसरं टोक खालच्या दिशेला दहा फूट आडवं न्या आणि नळीनं दोन्ही टोकं एका पातळीत आणा. मग खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. दोन फूट किंवा जास्त भरलं तर तो उतार एकास पाच किंवा त्याहून तीव्र झाला. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर राज्यभर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामच काय, कापणी-भरणी करून सपाटीकरणालाही मनाई आहे. एकास पाच म्हणजे साधारण अकरा अंश. डोळ्याला तो फारसा चढ वाटत नाही, मोटारसायकल सहज चढते. म्हणून तर माणसं फसतात.

जो प्लॉट आज सपाट दिसतो तो मुळात सपाट होता का, हेही बघा. उतारावर सपाट प्लॉट म्हणजे मागं कापलंय आणि पुढं त्याच मातीचा भराव टाकलाय. घराचा निम्मा पाया कापलेल्या कठीण जमिनीवर आणि निम्मा भरावावर येतो. भराव दोन-तीन पावसाळे बसत राहतो आणि भिंतीला तिरकी चीर जाते. प्लॉटच्या पुढच्या कडेला पहार मारून बघा. हातभर सहज गेली तर तो भराव आहे.

कागदाचं थोडक्यात : बॉण्डवर लिहून दिलेलं म्हणजे खरेदीखत नव्हे, नोंदणीशिवाय मालकी येत नाही. सातबारा, मंजूर रेखांकन आणि नगररचना कार्यालयाचा झोन दाखला हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. निवृत्तीचा पैसा पुन्हा उभा राहत नाही, भाऊ. तळं बघायला रविवारी डबा घेऊन जा.

प्रश्न : मी बारावीत आहे, खुलताबाद तालुक्यात राहतो. देवगिरीचा कडा माणसांनीच उभा कापलेला आहे, तो शेकडो वर्षं पडला नाही. वेरूळचंही तसंच. मग डोंगर कापला की पडतो असं तुम्ही कसं म्हणता?

उत्तर : बाळा, हा प्रश्न माझ्या वर्गात विचारला असतास तर त्या दिवशीचा तास मी त्याच्यावरच घेतला असता. देवगिरीच्या खालच्या अंगाचा उतार छिनून जवळजवळ पन्नास मीटरचा ताशीव कडा केला आहे. पण कापणाऱ्यांनी कशात कापलं ते बघ. तो एकसंध, घट्ट बेसाल्ट आहे. मुरूम नाही, माती नाही, पाणी वरून घरंगळून जातं. वेरूळला कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, तेही अशाच कातळात. त्या कारागिरांची खडकाची पारख माझ्यापेक्षा नक्कीच चांगली होती.

हातोडी घेऊन जा आणि स्वतः ऐक. घट्ट कातळावर मारली तर टण् वाजतं आणि हाताला झिणझिण्या येतात. मुरमावर मारली तर भस् होतं आणि टोक रुतून बसतं. गावाकडं पोकलेननं जे कापलं जातंय ते बहुतेक भस् वाजणारं आहे, कारण टण् वाजणारं यंत्राला परवडत नाही. कातळही अगदीच बेफिकीर राहण्यासारखा नसतो. त्याच्यात उभे-आडवे सांधे असतात आणि सुरुंगानं ते उघडतात. घाटरस्त्यांवर पावसात जे मोठे दगड येतात ते असे सांध्यांतून सुटलेले. पण देवगिरीवर सुरुंग लावला नव्हता, छिन्नी होती. (लेण्यांच्या भिंतीवर मात्र हातोडी मारू नकोस, तो गुन्हा आहे. घाटातल्या सुट्या दगडावर मार.)

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावची सरपंच आहे. माळावर पवनचक्क्या उभ्या करायला डोंगर फोडून रस्ता केला. निघालेला दगड-मुरूम तसाच खाली लोटून दिला. पहिल्याच पावसात आमचा बंधारा अर्धा भरून गेला, दोन शेतकऱ्यांच्या वावरात मुरूम पसरला. मी काय मागू? पवनचक्कीला माझा विरोध नाही. आणि बाई, त्या उघड्या उतारावर काय लावावं?

उत्तर : ताई, विरोध नाही हे आधी लिहिलंत ते बरं केलंत, बोलणी तिथूनच सुरू होतात. पवनचक्की वर्षानुवर्षं राहणार, पण रस्ता असा केला असेल तर तोही टिकणार नाही. म्हणजे दुरुस्ती त्यांच्याही फायद्याची आहे.

ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्यात नेमकं लिहा : उतारावर लोटलेला मुरूम उचलून न्यावा, बंधाऱ्यातला गाळ त्यांनी काढावा, रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला नाली आणि प्रत्येक जुन्या ओघळीवर मोरी घालावी. मोरी नसली की रस्ता पाच-सहा ओघळींचं पाणी गोळा करून एकाच जागी खाली सोडतो, आणि तुमचा बंधारा बहुधा त्याच जागी आलाय. वावरातल्या नुकसानीचा तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, फोटोत मोजपट्टी किंवा फावडं उभं दिसू द्या. आणखी एक. त्या रस्त्यातला मुरूम बाहेर विकला गेला का, हे तहसीलदारांना विचारा. मुरूम गौण खनिज आहे. परवानगीशिवाय काढला-नेला तर महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो, आणि गाडी जप्त होते. खड्ड्याची मोजणी मागा, पावत्यांशी ताळा जुळतो का ते कळेल.

आता लावायचं काय. पहिल्या वर्षी झाड नको, गवत हवं. रोप लावायला दीड-दोन फुटांचे खड्डे घेतले की मोकळा मुरूम आणखी मोकळा होतो. मारवेल गवत ठोंबांनी लागतं, पवन्या आणि डोंगरी ही गवतं बियांनी. उतार थोडा खरवडून, आडव्या ओळींत, वीतभर अंतरानं लावा, आणि ओळीच्या खालच्या अंगाला हातात मावतील असे दगड रचा. ओघळीच्या तोंडाशी वाळा लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गवतात सीताफळ, बोर, आपटा, करवंद यांच्या बिया टोबा. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते याच बरड मुरमावरचं फळ आहे. त्याला पाणी घालायला लागत नाही आणि शेळी त्याचा पाला खात नाही. उंच वाढणारं झाड कापलेल्या काठावर मुळीच लावू नका, वाऱ्यानं हललं की काठ ढिला करतं.

पहिले दोन पावसाळे तिथं चराई बंद ठेवावी लागेल, आणि सगळ्यात अवघड काम तेच आहे. ज्यांच्या शेळ्या त्या उतारावर जातात त्या बायांना ठरावाच्या आधी घरी जाऊन भेटा, आणि पहिल्या वर्षाचं कापलेलं गवत त्यांनाच द्यायचं कबूल करा. पवन्याचं बी दिवाळीच्या सुमाराला पिकतं आणि पटकन झडतं. ओंबी तांबूस दिसायला लागली की आठ दिवसांच्या आत जुन्या साडीत झटकून गोळा करायला लागतं. यंदा त्याच बाया गोळा करतील तर पुढच्या मृगाला तुम्हाला बी विकत आणावं लागणार नाही.